विरजणातली फिरती जनुके

1997 साली ‘नेचर’ या नियतकालिकात झुरिकच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठातल्या संशोधकांनी एका जिवाणूची हकीकत छापली. कच्च्या दुधापासून केलेल्या मऊ चीजमधून त्यांनी लॅक्टोकॉकस लॅक्टिसचा एक वाण वेगळा केला होता, नाव के214. लॅक्टोकॉकस लॅक्टिस हा दुधाच्या धंद्यातला जुना, भरवशाचा गडी. दूध आंबवणे, चीज लावणे, ताकाला चव आणणे ही त्याची कामे. रोगजंतूंच्या यादीत त्याचे नाव कोणी शोधायला जात नाही. पण हा के214 टेट्रासायक्लिन, क्लोरॅम्फेनिकॉल आणि स्ट्रेप्टोमायसिन या तिन्ही प्रतिजैविकांना दाद देत नव्हता.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे या प्रतिरोधाची तिन्ही जनुके त्याच्या गुणसूत्रावर नव्हतीच. ती 29,871 अक्षरांच्या एका सुट्या, वर्तुळाकार डीएनएवर होती. संशोधकांनी ते वर्तुळ अक्षर न् अक्षर वाचून काढले. टेट्रासायक्लिनचे जनुक लिस्टेरिया या अन्नविषबाधेच्या जिवाणूत सापडणाऱ्या जनुकाशी जवळजवळ तंतोतंत जुळले. उरलेल्या दोघांचे मूळ स्टॅफिलोकॉकसच्या घराण्यात निघाले. वेगवेगळ्या जिवाणूंचे तुकडे जोडून तयार झालेली ही गोधडी एका निरुपद्रवी दुग्धजिवाणूच्या पोटात सुखाने नांदत होती.

अशा सुट्या वर्तुळाला प्लास्मिड म्हणतात. हे नाव जोशुआ लेडरबर्ग यांनी 1952 मध्ये दिले. प्लास्मिड स्वतःची नक्कल स्वतः काढते, पेशी दुभंगताना दोन्ही लेकींकडे जाण्याची खटपट करते, आणि काही प्लास्मिडांना शेजारच्या पेशीत, कधी कधी अगदी परक्या जातीच्या पेशीतही, शिरण्याची वाट माहीत असते. ही उसनवारी किती महागात पडू शकते हे पहिल्यांदा जपानमध्ये दिसले. 1950च्या दशकात तिथे आमांशाचे असे जंतू आढळू लागले की ते एकाच वेळी तीन-चार औषधांना जुमानत नसत. एकेका औषधासाठी एकेक बदल घडत जाईल, अशी तोवरची समजूत होती. इथे चारही गुण एका झटक्यात एका जंतूकडून दुसऱ्याकडे जात होते. त्सुतोमु वातानाबे यांनी 1963 मध्ये हे सारे इंग्रजीत मांडले तेव्हा कुठे पाश्चात्त्य वैद्यकाचे तिकडे नीट लक्ष गेले.

लॅक्टिक आम्ल तयार करणाऱ्या जिवाणूंकडे तेव्हा कोणी संशयाने पाहत नव्हते, आणि पाहण्याचे कारणही नव्हते. त्यांच्यातल्या प्लास्मिडांचा शोध लागला तो दुधाच्याच अडचणीतून. चीजच्या कारखान्यांत एक तक्रार पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली होती: कालपर्यंत चांगले दूध आंबवणारे विरजण अचानक मंद पडते. काही पेशी दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, खाण्याचे विसरूनच जातात आणि तो गुण पुन्हा कधी परत येत नाही. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात लॅरी मकाय यांनी 1970च्या दशकाच्या सुरुवातीला या विसराळूपणाचा पिच्छा पुरवला. ॲक्रिफ्लेविनसारख्या, प्लास्मिड उडवून लावणाऱ्या रंगद्रव्याचा मारा केला की विसरण्याचे प्रमाण वाढते, असे त्यांना दिसले. निष्कर्ष उघड होता. लॅक्टोज पचवण्याची जनुके गुणसूत्रावर पक्की बसलेली नव्हती. ती प्लास्मिडवर होती, आणि प्लास्मिड हरवले की गुणही हरवत होता.

पुढे इंग्लंडमध्ये मायकेल गॅसन यांनी लॅक्टोकॉकसच्या एका वाणातली झाडून सारी प्लास्मिडे काढून टाकली आणि 1983 मध्ये एमजी1363 हा ‘मोकळा’ वाण जगापुढे ठेवला. आज जगभरच्या प्रयोगशाळांत लॅक्टोकॉकसवर काम करायचे म्हटले की बहुधा हाच हाताशी घेतला जातो. त्याचे गुणसूत्र पंचवीस लाख अक्षरांचे आहे, पण दुधात टाकला तर तो धड वाढत नाही. कारण मूळ वाणात सुमारे 55 हजार अक्षरांचे एक प्लास्मिड होते, त्यावर लॅक्टोज खाण्याची जनुके होती आणि दुधातले केसीन तोडणाऱ्या विकराचे जनुकही होते. साखर आणि प्रथिन, दोन्हींच्या चाव्या एकाच जुडग्यात. ते जुडगे गेले की दुग्धजिवाणू दुधातच उपाशी मरायला लागतो. लोण्याला जो खास वास येतो त्यातल्या डायॲसिटिलचा धागाही असाच एका छोट्या, सुमारे आठ हजार अक्षरांच्या प्लास्मिडपर्यंत पोहोचतो. डायॲसिटिल ज्यापासून बनते ते सायट्रेट पेशीत आत घेणारे जनुक त्यावर असते. विरजणाचा नाश करणाऱ्या विषाणूंपासून, म्हणजे फाजपासून, बचाव करणारी जनुकेही कित्येकदा प्लास्मिडवरच सापडतात.

एवढ्या तपशिलात शिरण्याचे कारण असे की प्रतिरोधाच्या चर्चेत प्लास्मिड हा शब्द आला की वाचकाच्या मनात लगेच खलनायक उभा राहतो. लॅक्टोकॉकसचा इतिहास वेगळे सांगतो. वनस्पतींवर राहणारा हा जिवाणू माणसाच्या दुधाच्या भांड्यात रुळला तो मोठ्या अंशी प्लास्मिडांच्या जोरावर. ज्या वाटेने त्याच्याकडे दूध पचवण्याची विद्या आली, तीच वाट टेट्रासायक्लिनच्या जनुकालाही मोकळी आहे. ती वाट बुजवता येत नाही, आणि बुजवली तर चीज लागायचे नाही. मात्र सगळेच दुग्धजिवाणू सारख्याच प्रमाणात उसनवारी करत नाहीत. योगर्टमधल्या लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकसमध्ये प्लास्मिड क्वचितच आढळते. एन्टरोकॉकस हा त्याच्या अगदी उलट टोकाला: तोही लॅक्टिक आम्ल तयार करतो, पारंपरिक चीजमध्येही असतो, पण रुग्णालयांत त्याचे नाव काढले की अतिदक्षता विभागातल्या डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडते. त्याची प्लास्मिडे देवाणघेवाणीत पटाईत. त्यामुळे ‘लॅक्टिक जिवाणू सुरक्षित’ किंवा ‘लॅक्टिक जिवाणू धोकादायक’ अशी सरसकट विधाने दोन्हीकडून निरुपयोगी ठरतात.

आता प्रतिरोधाकडे. एखादा जिवाणू प्रतिजैविकाला दाद देत नाही, एवढ्यावरून घाबरण्यासारखे काहीच कळत नाही. व्हॅन्कोमायसिनचे उदाहरण घ्या. हे औषध जिवाणूच्या पेशीभित्तिकेतल्या साखळीच्या टोकाला असणाऱ्या ॲलानिनच्या जोडीला चिकटते. लॅक्टोबॅसिलसच्या केसी, रॅम्नोसस, प्लान्टारम या जातींत, तसेच ल्युकोनोस्टॉक आणि पेडिओकॉकसमध्ये, त्या जोडीतले शेवटचे ॲलानिन मुळातच नसते. त्या जागी लॅक्टेट असते. औषधाला धरायला जागाच मिळत नाही. ही त्या जातीची जन्मजात ठेवण आहे, गुणसूत्रात मुरलेली, आणि ती दुसऱ्याला देता येत नाही. रुग्णालयातला एन्टरोकॉकस नेमकी हीच युक्ती करतो, पण उसन्या जनुकांच्या संचावर, आणि तो संच पुढे देऊही शकतो. काचबशीतल्या चाचणीत दोघांचे उत्तर एकच येते: ‘प्रतिरोधी’. पहिला वाण प्रोबायोटिकच्या डबीत बिनघोर चालतो, दुसरा चालता कामा नये.

म्हणून या विषयात खरा प्रश्न जनुकाच्या पत्त्याचा आहे. ते कुठे बसले आहे आणि तिथून हलू शकते का? पत्ता गुणसूत्राचा निघाला म्हणजे सुटलो, असेही नाही. टीएन916 हा डीएनएचा तुकडा एन्टरोकॉकसमध्ये 1980च्या दशकाच्या आरंभी ओळखला गेला. तो गुणसूत्रात मुक्काम करतो, टेट्रासायक्लिनचा प्रतिरोध बाळगतो, आणि मनात आले की स्वतःला कापून घेऊन दुसऱ्या पेशीत जातो. प्लास्मिड नसूनही फिरस्ता. त्यामुळे जनुकाच्या आजूबाजूला कोण कोण राहते हेही पाहावे लागते, आणि ते पाहायचे तर संपूर्ण जनुकसंच वाचण्याखेरीज इलाज नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने पशुखाद्यातल्या जिवाणूंसाठी 2018 पासून तसे वाचन मागायला सुरुवात केली, ती याच कारणाने.

प्रयोगशाळेत फिरणारी जनुके माणसाच्या आतड्यातही फिरतात का? डेन्मार्कमधल्या संशोधकांनी 2006 मध्ये याचा थेट पुरावा दिला. कोंबडीतून आलेला व्हॅन्कोमायसिन-प्रतिरोधी एन्टरोकॉकस आणि माणसातला साधा, औषधाला बळी पडणारा एन्टरोकॉकस असे दोन्ही त्यांनी सहा स्वयंसेवकांना पाजले. त्यांतल्या तिघांच्या विष्ठेत माणसातला जिवाणू कोंबडीकडची जनुके घेऊन बाहेर पडला. यातला कोंबडीचा धागा महत्त्वाचा. व्हॅन्कोमायसिनचा सख्खा भाऊ असलेले ॲव्होपार्सिन युरोपात वर्षानुवर्षे कोंबड्या-डुकरांच्या खाद्यात वजनवाढीसाठी मिसळले जात होते. डेन्मार्कने त्यावर 1995 मध्ये बंदी घातली, युरोपीय संघाने 1997 मध्ये. उलट, टेट्रासायक्लिनचे जनुक असलेला एक लॅक्टोबॅसिलस माणसांना देऊन त्याचे जनुक आतड्यातल्या इतर जिवाणूंकडे गेले का, हे स्वीडनमध्ये तपासले गेले तेव्हा तसे काही आढळले नाही. दोन्ही निकाल शेजारी ठेवून वाचायला हवेत. धोका खरा आहे. सर्वत्र सारखा नाही.

स्वीडनमध्ये तपासलेला तो लॅक्टोबॅसिलस ज्या घराण्यातला, त्याची गोष्ट या साऱ्या प्रकरणात आम्हाला सर्वांत बोलकी वाटते. पेरूमधल्या एका मातेच्या दुधातून मिळालेला लॅक्टोबॅसिलस रॉयटेरी (एटीसीसी 55730) बायोगाया ही कंपनी प्रोबायोटिक म्हणून विकत होती. वाण नावाजलेला, खपाचा. त्यात दोन प्लास्मिडे निघाली: एकावर टेट्रासायक्लिनच्या, दुसऱ्यावर लिन्कोमायसिनच्या प्रतिरोधाचे जनुक. कोणाला अपाय झाल्याची बातमी नव्हती. तरीही संशोधकांनी ती दोन्ही प्लास्मिडे काढून टाकली, तीही जनुकीय फेरफार न करता: पेशीभोवतीचे कवच विकरांनी उतरवायचे, उघड्या पेशींना पुन्हा कवच धरू द्यायचे, आणि त्या धावपळीत ज्यांची प्लास्मिडे गळाली त्या पेशी निवडून घ्यायच्या. पेनिसिलिनच्या गटाला असलेला प्रतिरोध मात्र तसाच राहिला, कारण तो गुणसूत्रातल्या बारीक बदलांतून आलेला आणि दुसऱ्याला न देता येणारा होता. अशा रीतीने तयार झालेला लेकवाण डीएसएम 17938 हा मूळ वाणासारखाच वागतो की नाही, हे माणसांवरच्या चाचणीत पडताळून 2008 मध्ये सारे प्रसिद्ध केले. आज तान्ह्या मुलांच्या पोटदुखीवर दिल्या जाणाऱ्या थेंबांत जगभर हाच वाण वापरला जातो. काय काढायचे आणि काय राहू द्यायचे, हा विवेक इथे दिसतो, आणि तो जनुकाचा पत्ता माहीत असल्यामुळेच करता आला.

आपल्याकडे काय चालते? औषधांच्या दुकानात अशा प्रतिजैविकांच्या कॅप्सूल मिळतात ज्यांच्या नावापुढे ‘एलबी’ लावलेले असते. अमॉक्सिसिलिनसारखे औषध आणि लॅक्टिक ॲसिड बॅसिलस एकाच टोपणात. जंतू मारणारे आणि जंतू पुरवणारे, दोघांना एकत्र कोंबण्यामागचा तर्क असा की जुलाब होऊ नयेत. त्यातला ‘बॅसिलस’ बहुतेक वेळा बॅसिलस कोॲग्युलन्स हा बीजाणू धरणारा जिवाणू असतो, खरा लॅक्टोबॅसिलस नव्हे. जुलाबावर डॉक्टर ज्या छोट्या प्लास्टिकच्या कुप्या लिहून देतात, त्यांतला बॅसिलस क्लॉसी तर लॅक्टिक जिवाणूच नाही. (त्याच्या प्रजातीचे नाव अलीकडे शौचेला असे बदलले गेले आहे, पुण्याचे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ योगेश शौचे यांच्या सन्मानार्थ.) हा जिवाणू अनेक प्रतिजैविकांना पुरून उरतो, आणि तोच त्याच्या विक्रीचा मुद्दा आहे: औषधाबरोबर घेतला तरी मरत नाही. त्याच्यातली अभ्यासली गेलेली प्रतिरोधाची जनुके गुणसूत्रावर सापडली आहेत, हे दिलाशाचे. पण ‘प्रतिरोधी’ हे जिथे विशेषण म्हणून मिरवले जाते, तिथे ‘न हलणारा प्रतिरोधी’ असे स्पष्ट लिहिण्याची सक्ती हवी की नको?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांनी 2011 मध्ये अन्नातल्या प्रोबायोटिकांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत वाणाची नेमकी ओळख पटवणे आहे, प्रतिजैविकांना तो किती दाद देतो याची तपासणीही आहे. म्हणजे प्रश्न विचारला गेला आहे. उत्तर मात्र फायलीत राहते. ग्राहकाच्या हातातल्या डबीवर कोट्यवधी जिवंत जिवाणूंचा आकडा ठळक असतो, वाणाचा क्रमांक असलाच तर बारीक अक्षरांत, आणि जनुकांच्या पत्त्याबद्दल अवाक्षर नसते. एका जिवाणूचा जनुकसंच वाचायला आज काही हजार रुपये पुरतात. पुण्यातच राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र आहे, जिथे वाण रीतसर जमा करता येतो. तेव्हा खर्च किंवा सोय ही सबब टिकणारी नाही. आमच्या मते देशात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक प्रोबायोटिक वाणाचा जनुकसंच आणि त्यातल्या प्रतिरोध-जनुकांचा तपशील सार्वजनिक असला पाहिजे, आणि परवाना त्यावर अवलंबून असला पाहिजे.

घरच्या दह्याबद्दल मात्र घबराट पसरवण्याचे कारण नाही. के214 सापडला तो कच्च्या दुधाच्या चीजमध्ये. आपल्याकडे दूध उतू जाईपर्यंत तापवल्याशिवाय विरजण लावत नाहीत. गोठ्यातून, कासेवरून, कॅनमधून आलेली बहुतेक जिवाणूमंडळी त्या उकळीत संपतात, आणि त्यांच्याबरोबर त्यांची देवाणघेवाणही. उरतो तो विरजणातला वारसा, आणि नंतर भांड्यातून-हातातून येणारे चुकार पाहुणे. घरोघरच्या विरजणात कोण कोण नांदते आणि कोणाजवळ काय आहे, हा अभ्यासाचा उत्तम विषय आहे. कृषी आणि दुग्धतंत्र महाविद्यालयांतल्या मुलांनी तो गावोगाव करावा असा आहे. पण त्यासाठी कोणी ताटातली वाटी बाजूला सरकवायची गरज नाही.

खरी काळजी गोठ्यात आहे. जिवाणू प्लास्मिड मुळातच बाळगत असतात; कोणते प्लास्मिड टिकेल आणि कोणते गळेल हे औषधाचा मारा ठरवतो. प्रतिरोधाचे ओझे वाहणाऱ्या पेशीला औषध नसताना त्याचा फारसा फायदा नसतो. औषध आले की तीच पेशी उरते. 2023-24 मध्ये देशात सुमारे 24 कोटी टन दूध निघाले, आणि या दुधामागे कासदाहाचा, म्हणजे दगडीचा, रोजचा झगडा आहे. सड सुजला, दुधात गाठी आल्या की शेतकरी सडात ट्यूब सोडतो. पशुवैद्य वेळेवर मिळाला तर त्याच्या सल्ल्याने, नाही तर दुकानदाराच्या. ट्यूबवर छापलेले असते की औषध दिल्यानंतर इतके दिवस दूध विकायचे नाही. संकलन केंद्रावर ते दूध पकडले जाण्याची शक्यता अलीकडे वाढली आहे, आणि एक जुना परीक्षक तर विरजणातच बसलेला असतो: योगर्टचा स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस पेनिसिलिनला इतका हळवा आहे की अगदी अल्प अंश असला तरी दही लागत नाही. दूध नाकारले जाण्याची भीती शेतकऱ्याला बऱ्यापैकी शिस्त लावते. पण नाकारलेले दूध ओतून कोण देतो? ते वासराच्या तोंडी जाते. औषधाचे अंश असलेले दूध पिणाऱ्या वासरांच्या आतड्यांत प्रतिरोधी जिवाणूंची निवड होते, हे अनेक देशांतल्या अभ्यासांनी दाखवले आहे. विक्रीतून वगळलेले दूध अशा रीतीने जनुकांच्या बाजारातून मात्र वगळले जात नाही.

2019 मध्ये केंद्र सरकारने अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या जनावरांत कोलिस्टिन वापरायला बंदी केली. निर्णय योग्य होता, पण तो एका औषधापुरता होता. दगडीसाठी लागणाऱ्या औषधांवर अशी बंदी घालता येणार नाही, घालूही नये. दुखणे खरे आहे आणि गाय ही घरची कमाई आहे. करता येण्यासारखे बरेच साधे आहे. संकलन केंद्रावरच कासदाहाची स्वस्त चाचणी उपलब्ध असावी, म्हणजे प्रत्येक सुजेवर ट्यूब सोडली जाणार नाही. चिठ्ठीशिवाय ट्यूब विकणाऱ्या दुकानावर खरोखर कारवाई व्हावी. ट्यूब सोडलेल्या दिवसांतल्या दुधाचा थोडा तरी मोबदला दूध संघाने द्यावा, म्हणजे ते वासराला पाजण्याऐवजी नष्ट करणे शेतकऱ्याला परवडेल. या शेवटच्या सूचनेला पैसे लागतात, म्हणून तिच्यावर सर्वांत कमी बोलले जाते. दूध संघांच्या पुढच्या वार्षिक सभेत सभासदांनी बोनसच्या आकड्याबरोबर हा आकडाही मागावा.